फेब्रुवारीतला बीड: ऊसतोडीच्या भर हंगामात मोजलेल्या जिल्ह्याचा प्रकरण अभ्यास

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ आली. हा आकडा प्रत्येक विकास आराखड्यात, आरोग्य केंद्राच्या प्रस्तावात आणि पीएच.डी.च्या पहिल्या प्रकरणात सापडतो. तो कोणत्या घटकेचा आहे, हे मात्र सहसा कुणी लिहीत नाही. तो १ मार्च २०११ रोजी शून्य वाजताचा आहे, आणि घरोघरची मोजणी झाली ती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात. या वीस दिवसांत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर (आता अहिल्यानगर) आणि सीमेपलीकडचे बेळगाव-बागलकोट इथले साखर कारखाने पूर्ण ताकदीने चालू असतात. त्यांचा ऊस तोडणाऱ्यांत बीडची माणसं फार मोठ्या संख्येने असतात. म्हणजे प्रगणक वही घेऊन गावात शिरतो, तेव्हा पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात त्याला दारामागून दार कुलूपबंद दिसतं.

ही माणसं कुठे मोजली गेली, मोजलीच गेली का, आणि ती नसताना गावाचं जे चित्र कागदावर उतरलं त्यातून पुढे काय काय चुकतं, याचा हा अभ्यास.

कोण जातं

ऊसतोडीत मजूर एकेकटा मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक वेळा नवरा-बायको. एकट्याला अर्धा कोयता धरतात. मुकादम पावसाळ्यातच घरोघर फिरून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो, कोयते जमवून टोळी बांधतो आणि टोळीचा करार कारखान्याशी करतो. दसरा झाला की ट्रॅक्टर, टेम्पो भरू लागतात. दिवाळी काही जणांची गावात होते, काहींची फडावर. परतीची तारीख कुणाच्या हातात नसते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, आणि उचल फिटली की सुटका. साधारण मार्च-एप्रिल. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या उचलीत चढते, आणि पुढच्या वर्षी कुठे जायचं हा प्रश्नच उरत नाही.

बीडमधून किती माणसं जातात याचे अंदाज इतके वेगवेगळे फिरतात की त्यातला एक उचलण्यात अर्थ नाही. खात्रीचा एक किमान आकडा मात्र मिळतो. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा शासनाच्या समितीसाठी जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांची नोंद झाली. बाई सहसा कोयत्याचाच अर्धा भाग असते. तेव्हा तितकेच पुरुष धरले तर १,६४,६१८ प्रौढ झाले. २०११च्या आकड्याशी ताडून पाहिलं तर हे संपूर्ण जिल्ह्याच्या सहा टक्क्यांहून थोडे जास्त आणि ग्रामीण भागाच्या आठ टक्क्यांच्या आसपास येतात. यात सोबत नेलेली लेकरं नाहीत, पाहणीच्या वेळी न सापडलेल्या बायका नाहीत, गाडीवान आणि ट्रॅक्टरवाले नाहीत. शिवाय हे जिल्ह्यात सारखं पसरलेलं नाही. गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, गेवराई-माजलगाव भागाला जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं आणि माजलगाव धरणाचं पाणी आहे, तिथे स्वतःचाच ऊस उभा असतो. डोंगरपट्ट्यात कोरडवाहू बाजरी, कापूस आणि रब्बीत ज्वारी, पाऊस पर्जन्यछायेतला. सरासरीने आठ टक्के वाटणारं प्रमाण तिथल्या एखाद्या गावात तीस टक्क्यांवर जाऊ शकतं.

नियम काय सांगतो आणि कोपीवर काय होतं

भारताच्या जनगणनेचा नियम ना निव्वळ ‘जिथे सापडेल तिथे’ असा आहे, ना निव्वळ ‘जिथे घर तिथे’ असा. दोन्हींचं मिश्रण आहे. घरात नेहमी राहणारा माणूस मोजणीच्या वीस दिवसांत एखादा दिवस तरी घरी असेल किंवा येणार असेल, तर तो घरी मोजायचा. पूर्ण वीस दिवस बाहेर असेल, तर घरी मोजायचा नाही. तो जिथे आहे तिथे मोजला जाईल. बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री, आणि १ ते ५ मार्च फेरतपासणी, म्हणजे मधल्या काळातले जन्म-मृत्यू आणि राहून गेलेले लोक धरण्यासाठी.

नियम स्वच्छ आहे. घोटाळा होतो तो दोन फेऱ्यांमधल्या अंतरामुळे. प्रगणकाच्या हातात जो नजरी नकाशा आणि घरयादी असते, ती आधीच्या उन्हाळ्यात तयार झालेली असते. २०११साठी महाराष्ट्रात घरयादी झाली मे-जून २०१० मध्ये. त्या वेळी कारखाना बंद, टोळ्या गावी, आणि कारखान्याजवळचं तळाचं, म्हणजे टोळ्यांच्या मुक्कामाचं, रान नांगरून मोकळं. त्या नकाशावर तिथे काहीच नसतं. फेब्रुवारीत त्याच रानात पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या दोनशे कोप्या उभ्या असतात. कोपी म्हणजे बांबूच्या कमानीवर चटई किंवा प्लास्टिक ओढलेली, माणूस वाकूनच आत शिरेल एवढी झोपडी. बाहेर तीन दगडांची चूल, शेजारी बैल आणि वाढ्यांचा ढीग. प्रगणकाने त्या नव्याने यादीत चढवून मोजायच्या असतात. तो असतो बहुधा जवळच्या शाळेतला शिक्षक. त्याचा स्वतःचा गट, म्हणजे मोजायला नेमून दिलेला भाग, दीडशे घरांच्या आतबाहेरचा, आणि शाळा सांभाळून हे काम. तो सकाळी दहाला तळावर पोहोचतो, तेव्हा कोप्यांत एखादी म्हातारी आणि लहान लेकरं असतात. जोड्या पहाटे चारलाच फडावर गेलेल्या. संध्याकाळी ट्रॉली भरून होईपर्यंत कुणी परतत नाही. काही टोळ्या तळावर नसतातच. गाडी सेंटरच्या (बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या) टोळ्या कारखान्याजवळ राहतात, डोकी सेंटरच्या (डोक्यावर मोळ्या वाहून वाहनात भरणाऱ्या) टोळ्या फड संपेल तसं मुक्काम हलवत जातात. एका गटात मोजायच्या आधीच त्या दुसऱ्या गटात पोहोचलेल्या असतात, आणि तिथला प्रगणक त्या शिवारातून आदल्या आठवड्यातच जाऊन आलेला असतो.

दुसरी बाजू बीडच्या गावातली. प्रगणक गावचेच गुरुजी. आजी ओट्यावर बसलेली.

“आजी, घरात किती माणसं?”

“मी, म्हातारा अन् दोन लेकरं. ल्योक-सून कारखान्यावर गेलेत, धाकटं त्यांच्यासंगं हाय. गुरुजी, तुमी लिव्हा की पाचाच्या जागी सात. रेशनचं काय झालं तर?”

इथे नियमाप्रमाणे चारच लिहायचे. पण गुरुजींनी त्या मुलाला शिकवलेलं असतं, त्याचं घर त्यांना माहीत असतं, आणि पुढच्या दहा वर्षांचे सगळे आकडे यावर ठरणार हेही. काही गुरुजी चार लिहितात, काही सात. (आजीने पाच म्हटलं, होते चार. हेही रोजचंच आहे, म्हणून नावानिशी विचारायचं असतं. नुसती संख्या कधीच घ्यायची नाही.) चार लिहिले आणि कोल्हापूरकडे तळावर कुणी पोहोचलं नाही, तर तीन माणसं देशाच्या मोजणीतून गळाली. सात लिहिले आणि तळावरही मोजणी झाली, तर तिघं दोनदा आली. दोन्ही चुका होतात, त्या एकमेकींना थोड्याफार झाकतात, आणि म्हणूनच एकूण आकडा बघून शंका येत नाही. २०११च्या मोजणीनंतरच्या नमुना तपासणीत देशभरात हजारी २३ माणसं निव्वळ सुटल्याचं निघालं. हे ‘निव्वळ’ आहे, सुटलेले वजा दुबार. आणि ते देशाचं आहे; वर्षातले सहा महिने कोपीत काढणाऱ्यांचं वेगळं प्रमाण त्यात दडून जातं.

नमुना सर्वेक्षणांनी हे पकडायला हवं होतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६४व्या फेरीने (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतरिताची व्याख्या केली: कामासाठी वर्षातून एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गावाबाहेर. आता दसऱ्यानंतर निघून एप्रिलच्या मध्याला परतणारा कोयता मोजा. बऱ्याच जणांचे सहा महिने भरतात. म्हणजे तो अल्पकालीन व्याख्येत बसत नाही, आणि सहा महिन्यांवर बाहेर म्हणून कुटुंबाचा नेहमीचा सदस्यही धरला जात नाही. लांबलेला हंगाम माणसाला एका व्याख्येतून ढकलतो आणि दुसरीत पोहोचू देत नाही.

एका गावाचा हिशेब

पुढचे आकडे कुठल्या खऱ्या गावाचे नाहीत. डोंगरपट्ट्यातल्या गावाला शोभतील असे हिशेबासाठी धरले आहेत.

ऑक्टोबरात गावात १,६०० माणसं. वयोगट असे: ० ते ६ वर्षं १९०, ७ ते १४ वर्षं २३०, १५ ते ४४ वर्षं ७८०, ४५ ते ५९ वर्षं २१०, आणि साठीच्या पुढे १९०. गावातून १७० कोयते निघतात, म्हणजे ३४० माणसं. शिवाय मुकादम, ट्रॅक्टरवाले आणि लेकरं सांभाळायला नेलेल्या आज्या मिळून २०. सोबत ० ते ६ वयाची ९० आणि ७ ते १४ची ३५ लेकरं. जाणारे एकूण ४८५: लहान १२५, पंधरा ते चव्वेचाळीसमधले ३१०, पंचेचाळीस ते एकोणसाठमधले ४५ आणि साठीपुढच्या ५.

फेब्रुवारीत गावात उरले १,११५. त्यात ० ते ६ वयाची १००, ७ ते १४ची १९५, पंधरा ते चव्वेचाळीसची ४७०, पुढची १६५ आणि साठीपुढची १८५.

साठीपुढच्यांचं प्रमाण ऑक्टोबरात ११.९ टक्के होतं, फेब्रुवारीत १६.६ झालं. कमावत्या वयाच्या (१५ ते ५९) दर शंभर माणसांमागे म्हातारे १९ होते, ते २९ झाले. गावात एकही म्हातारा वाढलेला नाही. २०११ साली महाराष्ट्रात साठीपुढचे होते ९.९ टक्के. नुसत्या फेब्रुवारीच्या आकड्यावरून हे गाव राज्याच्या कितीतरी पुढे ‘म्हातारं’ झालेलं दिसेल, आणि कुणीतरी त्याचा खुलासा जन्मदर घसरल्याचा देईल. खरं कारण तरुण सहा महिन्यांसाठी बाहेर असणं हे आहे. पण याचा अर्थ तो म्हातारपणाचा प्रश्न खोटा आहे असाही नाही. त्या सहा महिन्यांत पाणी आणणं, शेळ्या, शाळेतल्या नातवंडांचं जेवण आणि रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर गाडी बघणं हे सगळं २९ या आकड्यावर चालतं, १९वर नाही. सेवा आखायची तर फेब्रुवारीचा आकडाच खरा, आणि जन्मदराचा निष्कर्ष काढायचा तर ऑक्टोबरचा.

प्रशासनावर याचा थेट परिणाम कुठे होतो ते बघा. महाराष्ट्रात १,५०० पर्यंत लोकसंख्येच्या ग्रामपंचायतीला ७ सदस्य, १,५०१ ते ३,००० ला ९. हे गाव दोन सदस्य गमावतं. सपाट भागात उपकेंद्र ५,००० लोकांमागे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,०००मागे. अशी चार गावं मिळून उपकेंद्राच्या मर्यादेच्या खाली घसरतात. अन्न सुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राचा वाटा ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के लोकांना, आणि तो २०११च्या लोकसंख्येवर काढलेला. बागलकोटच्या तळावर मोजला गेलेला बीडचा माणूस त्या हिशेबात कर्नाटकाचा झाला. कुठेच न मोजला गेलेला कुणाचाच नाही.

वाढीचे १९.६ टक्के

आता उलट दिशेने येणारा आकडा. २००१मध्ये जिल्हा होता २१,६१,२५०. दहा वर्षांत ४,२३,७९९ वाढले, म्हणजे १९.६१ टक्के. राज्याची वाढ १५.९९. शेजारचा तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा अवघा साडेअकरा टक्क्यांनी वाढला, आणि वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यामुळे माणूस ओढून घेणारा तेव्हाचा औरंगाबाद जवळपास २८ टक्क्यांनी. बीडमध्ये वाळूज नाही. बाहेरून येऊन बीडमध्ये वसणारे थोडेच. मग राज्यापेक्षा जास्त वाढ कुठून?

लोकसंख्येचा ताळा सोपा असतो: आधीची संख्या, अधिक जन्म, वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले. राज्याची नैसर्गिक वाढ (जन्मदर वजा मृत्युदर) त्या दशकाच्या सुरुवातीला हजारी १३च्या आसपास होती, आणि २०११ साली १६.७ वजा ६.३ म्हणजे १०.४. सरासरी ११.८ धरून दहा वर्षं चालवली तर साडेबारा टक्के होतात. बीडचे सात टक्के उरतात. नुसत्या जन्मांनी ते भरायचे, तर दरवर्षी हजारी १८ नैसर्गिक वाढ हवी. मृत्युदर ७ धरला तर जन्मदर २५. राज्यापेक्षा बीडचा जन्मदर जास्त असणं शक्य आहे, लवकर लग्नांमुळे तसं वाटतंही, पण पूर्ण सात टक्के त्याच्याच खात्यावर टाकणं जड जातं.

दुसरं खातं मोजणीचं आहे. समजा २००१ला घरी न मोजले गेलेले बीडकर ६ टक्के होते आणि २०११ला गुरुजींनी जास्त घरांत चारऐवजी सात लिहिल्यामुळे ते २ टक्क्यांवर आले. ९८ भागिले ९४ केलं की एकही जन्म न होता ४ टक्क्यांहून जास्त ‘वाढ’ तयार होते. उलटही घडू शकतं. पाऊस चांगला झाला, ऊस भरपूर उभा राहिला, टोळ्या जास्त गेल्या, तर मोजलेली संख्या घटते आणि गाव ओस पडत चालल्याच्या बातम्या येतात.

हे दोन्ही वेगळं करायची चाचणी आहे आणि ती जनगणनेच्याच वयोगटांच्या तक्त्यांवर करता येते. २००१ला ० ते ९ वयाची जी मुलं होती तीच २०११ला १० ते १९ वयाची. बाहेरून कुणी येत नसेल तर ही संख्या मृत्यूंमुळे थोडी घटली पाहिजे. ती वाढलेली दिसली, तर २००१ला ती लेकरं आईबापांबरोबर कोपीत होती आणि मोजायची राहिली, आणि दहा वर्षांनी आजीकडे शाळेत राहिल्यामुळे मोजली गेली, असा अर्थ होतो. चाचणी तालुकावार करायची, डोंगरपट्टा वेगळा आणि गंगथडी वेगळी. जिल्ह्याच्या सरासरीत ती विरघळून जाते. एक सावधगिरी वयाची. शाळेत नाव घालताना ज्याची तारीख माहीत नाही त्याला १ जून मिळतो, आणि मोठ्यांची वयं ४०, ४५, ५० अशी गोळा होतात. म्हणून एकेका वर्षाचे नाही, दहा वर्षांचे गट घ्यावेत.

आठशे सात

२०११मध्ये बीडचं ० ते ६ वयातलं प्रमाण हजार मुलांमागे ८०७ मुली असं आलं. राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी ते ८९४ होतं. त्यानंतर २०१२ साली परळीत एका बेकायदा गर्भपातात महिलेचा मृत्यू झाला आणि सोनोग्राफी केंद्रांवर धाडी, कुलूपं, खटले सुरू झाले. त्या काळात एक बचाव ऐकू यायचा, आणि तो अजूनही मधूनमधून डोकं काढतो: हा सगळा स्थलांतराचा परिणाम आहे, मुली आईबापांबरोबर कारखान्यावर गेलेल्या असतात.

याला थोडा आधार आहे. पाच-सहा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळायला सोबत नेतात, मुलाला आजीकडे ठेवून शाळेत घालतात. म्हणून हा बचाव हिशेबात घालून पाहू. मोजली गेलेली १,००० मुलं आणि ८०७ मुली, एकूण १,८०७. ही जर जिल्ह्यातल्या लेकरांपैकी ९० टक्के असतील आणि १० टक्के बाहेर, तर बाहेरची साधारण २००. घरचं खरं प्रमाण ९५० असायचं असेल तर बाहेरच्या दोनशेंत साधारण २९ मुलगे आणि १७१ मुली असायला हव्यात, एका मुलामागे सहा मुली. असा तळ कुठेही नाही. तान्ही लेकरं तर मुलगा असो की मुलगी, आईच्या अंगावर पिणारी असल्यामुळे सोबतच जातात. तेव्हा स्थलांतराने हा आकडा चार-दोनाने हलू शकतो. ८०७ मात्र गर्भलिंगनिदानाचाच आहे. मोजणीच्या चुकीचा आधार घेऊन सगळे आकडे झटकता येत नाहीत, आणि कोणता आकडा किती हलतो ते असं करून पाहावं लागतं.

आखूड पिढी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे एक बाई सरासरी दोनपेक्षा कमी लेकरं. पिढीस पिढी टिकायला २.१ लागतो. त्याच सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात जवळपास २२ टक्के, बीडमध्ये ४४च्या आसपास आणि परभणीत ४८.

लवकर लग्नाची कारणं गरिबी-अज्ञान अशा मोघम शब्दांत गुंडाळली जातात. ऊसतोडीच्या गावात त्याला हिशेबी बाजू आहे. एकट्या मुलाला पूर्ण उचल मिळत नाही, जोडी लागते. वयात आलेली मुलगी सहा महिने गावात म्हाताऱ्यांच्या भरवशावर ठेवणं आईबापांना नको वाटतं, आणि तळावर उघड्या कोपीत नेणं त्याहून नको. लग्न केलं की एका घराची काळजी संपते आणि दुसऱ्या घरात एक नवा कोयता उभा राहतो.

लोकसंख्येवर याचा परिणाम मुलांच्या संख्येपेक्षा पिढीच्या लांबीतून होतो. सतराव्या वर्षी लग्न, अठराव्या आणि विसाव्या वर्षी बाळंतपण, तेविसाव्या वर्षी नसबंदी. लेकरं दोनच. शेजारच्या तालुक्यात पंचवीस आणि सत्ताविसाव्या वर्षी बाळंतपण, लेकरं तितकीच. पहिल्या घरी पिढी १९ वर्षांची, दुसऱ्या घरी २६ची. साठीची बाई पहिल्या घरात एक्केचाळीस वर्षांच्या मुलीची आई, बावीस वर्षांच्या नातीची आजी आणि तीन वर्षांच्या पणतीची पणजी असते. दुसऱ्या घरात नात अजून आठ वर्षांची. जननदर सारखा असूनही पहिल्या गावात एकाच वेळी चार पिढ्या हयात, दुसऱ्यात तीन. जननदर २.१च्या खाली गेल्यावरही गाव भरत का राहतं, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे. त्यामुळे लग्नाचं वय तीन वर्षांनी पुढे गेलं, तर लेकरांची संख्या तीच राहूनही वाढ मंदावते.

याच साखळीच्या टोकाला ती २०१९ची पाहणी येते. ८२,३०९ पैकी १३,८६१ बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे सहात एक. चौथ्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचं प्रमाण १५ ते ४९ वयात सुमारे ३ टक्के होतं. पाळीच्या दिवसांत काम बुडलं की खाडा पडतो, पैसे कापले जातात. तळावर ना आडोसा, ना पुरेसं पाणी. अंगावरून जाणं, कंबरदुखी अंगावर काढायची आणि शेवटी पिशवी काढायची. लेकरं आधीच झालेली असल्याने जन्मदरावर याचा परिणाम जवळजवळ शून्य. परिणाम पुढे दिसतो. अंडाशयंही काढली असतील तर तिशीतच रजोनिवृत्ती आणि हाडं लवकर ठिसूळ. वयाच्या तक्त्यात ती बाई पन्नाशीची, शरीराने सत्तरीची.

बाकीच्या नोंदी कुठल्या महिन्यातल्या

एकाच गावाच्या दोन आकड्यांत तफावत दिसली की आधी तारखा बघाव्यात. शाळेचा पट आणि त्यावर ठरणारी शिक्षकांची संचमान्यता (मंजूर पदांची संख्या) ३० सप्टेंबरची, म्हणजे टोळ्या निघायच्या आधीची, गाव भरलेलं. जनगणना फेब्रुवारीची, गाव रिकामं. दोन्ही एकत्र घेऊन पटनोंदणीची टक्केवारी काढली की ती शंभराच्या वर जाते आणि बोगस पटाचा संशय शिक्षकांवर येतो. बोगस पट असतोही, पण ही तफावत त्यावरून सिद्ध होत नाही. जन्मनोंद घटना जिथे घडली तिथली. फडावर किंवा कारखान्याजवळच्या दवाखान्यात झालेला जन्म सांगली-कोल्हापूरच्या नोंदीत जातो, बीडचा जन्मदर कागदावर कमी दिसतो. एकवीस दिवसांत नोंद झाली नाही आणि पट्टा पडल्यावर गावी परतले, तर दाखला काढायला पुन्हा दोन-अडीचशे किलोमीटर जावं लागतं. मग नोंद राहतेच, आणि पुढे १ जून मिळतो.

महिनावार लोकसंख्या काढायची तर

ग्रामपंचायतीला हे काम स्वतः करता येतं. पाया म्हणून आशाताईंची कुटुंबनोंदवही घ्यायची, ती नावानिशी असते. ग्रामसेवकाकडची ऊसतोड कामगारांची नोंदणी (ओळखपत्र देण्यासाठी २०२१पासून ती त्याच्याकडे आहे) तिच्याशी जुळवायची. नोंदणीत लेकरांची नावं अर्धवट असतात, ती अंगणवाडीच्या वजनवहीतून आणि शाळेच्या जानेवारीच्या हजेरीतून भरायची. तिसरा ताळा रेशन दुकानाच्या मशीनवरच्या महिनावार अंगठ्यांचा. पण तो जपून वापरावा: कुटुंबातल्या एकाचा अंगठा सगळ्यांचं धान्य उचलतो, त्यामुळे आजी गावात असेल तर कार्ड चालू दिसतं आणि माणसं बाहेर असतात. पूर्ण बंद पडलेली कार्डंच तेवढी खात्रीची. प्रत्येक नावापुढे गेल्याचा महिना, परतल्याचा महिना आणि कारखान्याचा जिल्हा हे तीन रकाने पुरतात. सहाव्या महिन्यापुढे किती जण थांबले ते वेगळं मोजायचं, कारण व्याख्येतून निसटणारे तेच. आणि दोन हंगाम सलग न परतलेलं कुटुंब मुकादमाकडे विचारून तपासायचं. ते आता चाकण किंवा रांजणगावात खोली घेऊन राहिलेलं असू शकतं. तोडणी यंत्रं वाढतील तसे हे वाढतील, आणि हे स्थलांतर परतीचं नसेल.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७चा आहे. लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारीत, घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये. म्हणजे रान मोकळं असताना नकाशा आणि कोप्या उभ्या असताना मोजणी, हा क्रम तसाच आहे. कारखान्यांच्या तालुक्यांत तळांची यादी कारखान्याच्या शेती विभागाकडे असते, कुठली टोळी कुठल्या गटात आहे हे स्लिपबॉयला, म्हणजे फडावरच्या कारखान्याच्या माणसाला, रोज माहीत असतं. ती यादी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जनगणनेच्या चार्ज अधिकाऱ्याला मिळाली आणि प्रगणक रात्री आठनंतर तळावर गेला, तर बहुतेक माणसं सापडतील. तिथे विचारताना ‘आधीचं राहण्याचं ठिकाण’ या प्रश्नाला मजूर मागच्या फडाचं गाव सांगतो, कारण परवापर्यंत तो तिथेच होता. ते लिहायचं नाही. दसऱ्याच्या आधी कुठे राहत होता ते विचारायचं, आणि गाव, तालुका, जिल्हा तिन्ही लिहायचे. नुसतं ‘बीड’ लिहिलं की तो बीड शहरातून आलेला धरला जातो.